काजळ्या दिवे का विझवत होता

आमच्या शेजारच्या आवाजवाल्यांना मी ओळखू लागले ते त्यांच्या किंकाळीमुळे. त्या दुपारी मी प्रौढ वर्गाचा अभ्यास करीत बसले होते. जोडाक्षरे नुकतीच सुरू झाली होती आणि माझे सारे लक्ष पेन्सिलीच्या टोकाकडे होते. एवढ्यात भिंतीपलीकडे एक पुरुष ओरडला. ते ओरडणे साधे नव्हते. उंचावरून खाली पडणाऱ्या माणसाला पडता पडता आपल्या मरणाची खात्री पटावी, तसे ते होते. पाठोपाठ दुसरी किंकाळी आली. तिच्यात नाकातोंडात पाणी गेल्यासारखी घुसमट होती. मी कोपऱ्यातली छत्री उचलली, जीव मुठीत धरून बाहेर आले आणि शेजारचे दार बडवले.

दार एका बाईंनी उघडले. त्यांच्या हातात तापलेली इस्त्री होती आणि चेहरा अगदी शांत होता.

“आत कोण मरतंय?” मी विचारले.

“आमचे हे,” त्या म्हणाल्या. “कपाटात आहेत. अजून एकदा मरायचंय, मग चहा घेतील. तुम्हीपण या ना मावशी, आणि ती छत्री जरा बाजूला ठेवा.”

त्यांच्या घरात एकच मोठी खोली होती. अर्ध्या भागात इस्त्रीचे टेबल आणि एका वसतिगृहाच्या चादरींच्या चळती होत्या. उरलेल्या अर्ध्या भागात एक उंच लाकडी कपाट होते. त्यातले कप्पे काढून टाकून आतून जाड गोधड्या टांगल्या होत्या, कारण गोधड्यांमुळे आवाज भिंतींवर आपटून परत येत नाही. त्या कपाटातून गळ्याला मफलर गुंडाळलेले, घामाने भिजलेले, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. त्यांनी मला नमस्कार केला आणि विचारले, “खरंच घाबरलात?”

“मग छत्री कशाला आणली असती?”

“मग जमलं,” ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला.

त्यांचा व्यवसाय मला समजायला थोडा वेळ लागला. लोक संगणकावर लढायांचे आणि जादूचे जे खेळ खेळतात, त्यांतील चित्रे मुकी असतात. त्या चित्रांना माणसांनी आवाज द्यावा लागतो. मोठ्या पात्रांना मोठे कलाकार असतात. परंतु त्या खेळांत पहारेकरी, गावकरी आणि सैनिक असे पुष्कळ लोक असतात, आणि त्यांतील बहुतेकांना लवकर मरावे लागते. त्या सर्वांचे आवाज आमचे शेजारी देत असत. तत्पूर्वी ते सामानाची खोकी घरोघर पोहोचवण्याचे काम करीत. एकदा ध्वनिमुद्रणाच्या जागी खोके द्यायला गेले असता ते खोके त्यांच्या पायावर पडले आणि त्यांनी बोंब ठोकली. आतल्या लोकांनी त्यांना खोक्याची पावती दिली आणि पुन्हा एकदा तसेच ओरडायला सांगितले. तेव्हापासून ते तिथेच राहिले.

आपल्या कामाविषयी ते फार काटेकोर होते. बाण लागला तर श्वास आत ओढायचा, तलवार लागली तर बाहेर सोडायचा, विष असेल तर आधी एक आवंढा गिळायचा, असे त्यांनी मला समजावून सांगितले होते. त्यांच्या पत्नी त्यावर म्हणत, “यांच्याएवढं कुणी मेलं नसेल. बायको मात्र सवाष्णच.”

परंतु त्यांच्या मनात एक सल होता. इतक्या वर्षांत त्यांच्या वाट्याला पूर्ण वाक्य फारसे आले नव्हते. एका खेळात “कोण आहे तिकडे?” एवढे बोलायला मिळाले होते, पण विचारून होताच त्या पहारेकऱ्याला बाण लागला. त्यांच्या कुठल्याही माणसाला नाव नव्हते. ‘पहारेकरी तीन’, ‘जखमी दोन’ असेच त्यांच्या कागदावर असे. एखादा माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या तोंडून बोलावा, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती ते कुणाला फारशी सांगत नसत.

मी वाचायला शिकत आहे हे कळल्यावर त्यांनी मला एक काम दिले. त्यांच्या ओळी मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायच्या.

“अहो भाऊ, मला अजून नीट येत नाही,” मी म्हणाले. “मी एकेक अक्षर लावत बसते.”

“तेच तर पाहिजे! बाकीचे लोक वाचतात तेव्हा त्यात आपला राग, आपलं रडू घालून ठेवतात. तुम्ही वाचलं की ओळ नुसती ओळ असते. धुतलेल्या भांड्यासारखी. त्यात काय घालायचं ते मी बघतो.”

मला हे बोलणे पटले. मी संध्याकाळी वर्गातून आले की त्यांच्याकडे जाऊन कपाटासमोर स्टुलावर बसत असे आणि “आ-आह, वाच-वा” असे वाचत असे. त्यांच्या पत्नी इस्त्री फिरवता फिरवता हसत असत.

एके दिवशी ते घरी आले ते जिना धावत चढून. हातात कागदांचा गठ्ठा होता.

“मावशी, नाव मिळालं!” ते म्हणाले. “नाव आहे याला. काजळ्या.”

“मरतो कधी?” त्यांच्या पत्नींनी विचारले.

“मरत नाही गं! मारतो. खलनायक आहे, मुख्य खलनायक.”

नंतर त्यांनी खरी अडचण सांगितली. ही भूमिका अजून त्यांची झालेली नव्हती. पुढच्या आठवड्यात चाचणी होती. खेळ तयार करणाऱ्या परदेशी कंपनीचा माणूस दूरध्वनीवरून ऐकणार होता आणि त्याच दिवशी दुसऱ्या एका कलाकारालाही बोलावले होते. ते गृहस्थ जाहिरातींना आवाज देत. त्यांचा आवाज इतका खर्जातला होता की रिकाम्या पिंपात बसून बोलत आहेत असे वाटे. आमच्या शेजाऱ्यांनी आधी बोलायचे आणि ते पसंत पडले नाहीत, तर जाहिरातवाल्यांनी आत जायचे, असे ठरले होते. ध्वनिमुद्रण करून घेणाऱ्या दिग्दर्शिका बाईंनीच आमच्या शेजाऱ्यांचे नाव सुचवले होते. “हे हुकलं तर मी परत पहारेकरी,” ते म्हणाले. “माझ्या वयात कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.”

या खेळांचे काम गुप्त असते. घराबाहेर एक शब्द बोलायचा नाही, अशी अट होती. आमच्या दोन घरांत भिंत एकच असल्यामुळे मी घरातलीच आहे, असा निर्णय त्यांच्या पत्नींनी दिला.

पहिल्या पानावर काजळ्याची माहिती होती. ती मी अक्षरे लावून वाचली. काजळ्या हा एके काळी सात मनोऱ्यांवरील दिव्यांचा राखणदार होता. त्या दिव्यांच्या उजेडामुळे राज्यावर काळे धुके उतरत नसे. आता तो स्वतःच एकेक मनोरा चढून दिवे विझवतो. विझवल्यावर मनोऱ्याच्या दाराशी तेलाने भरलेला बुधला ठेवून निघून जातो. त्याची जुनी शिष्या ते दिवे पुन्हा पेटवायला निघते. खेळणारा मनुष्य त्या शिष्येच्या रूपाने खेळतो. माहिती एवढीच होती. तो असे का करतो, याविषयी एक अक्षरही नव्हते.

“दिवा विझवायचा आणि तेल ठेवायचं?” मी म्हणाले.

“तिथंच घोडं पेंड खातंय,” आवाजवाले म्हणाले. “मरताना कारण लागत नाही, मावशी. बाण लागला की भागतं. पण बोलायचं म्हणजे कारण पाहिजे. हा का विझवतो हे कळल्याशिवाय मी तोंड कसं उघडू?”

“सोपं आहे,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “तेलाचा धंदा आहे त्याचा. पहिला बुधला फुकट, पुढचे विकत.”

“अगं, चेष्टा नको.”

“मग त्या दिग्दर्शिका मॅडमना विचारा की.”

“विचारलं. त्या म्हणाल्या, खलनायक आहे एवढं लक्षात ठेवा.”

ओळींच्या कागदांवर फक्त काजळ्याचेच बोलणे होते. शिष्या काय बोलते, कोणता प्रसंग आहे, हे काहीही दिलेले नव्हते. प्रत्येक ओळीपुढे आकडा होता. आम्ही ते कागद आकड्यांच्या क्रमाने फरशीवर मांडले. पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे, हे मी नुकतेच शिकले होते, आणि दुसरी काही पद्धत असेल अशी शंका आम्हां तिघांपैकी कुणालाही आली नाही. मग मी क्रमाने वाचू लागले.

“दिवा विझव. कारण विचारू नकोस.”

“त्या दिव्याला हात लावलास, तर हात राहणार नाही.”

“तू माझी कोणी नाहीस.”

“तुझी पावलं मी लांबूनही ओळखतो.”

“मला क्षमा नको.”

“इतका वेळ थांबलो, तो क्षमेसाठीच.”

“हा तर सरडा आहे,” पत्नी म्हणाल्या. “ओळीओळीला रंग बदलतोय.”

आवाजवाले फरशीवर मांडी घालून बसले होते. त्यांनी कागदांवरून नजर काढली नाही. “सरडापण कारणाशिवाय रंग बदलत नाही,” ते पुटपुटले.

त्यानंतरचे दिवस त्या घरात फार ताणाचे गेले. ते जेवता जेवता मध्येच थांबत. कपाटात शिरत आणि काही न बोलता बाहेर येत. एकदा त्यांनी असे ठरवले की धुक्यात काहीतरी भयंकर दडले आहे आणि ते उजेडाचा माग काढत येते. म्हणून काजळ्या लोकांना लपवण्यासाठी दिवे विझवतो. परंतु मग “हात लावलास तर हात राहणार नाही” ही ओळ कुठे बसवायची? दुसऱ्या दिवशी त्यांनी असे ठरवले की त्याला कुणीतरी शपथ घातली आहे. मग क्षमा कशाची? त्यांच्या पत्नींनी एका सायंकाळी इस्त्री आपटून ठेवली.

“त्या काजळ्यानं माझ्या घरातला दिवा आधी विझवला,” त्या म्हणाल्या. “नवरा समोर बसलाय आणि घरात कुणी नाही!”

“थोडे दिवस थांब.”

“थांबते. मी कुठं जातेय? पण त्या जाहिरातवाल्याला कारण बिरण काही लागत नाही. तो जाईल, गुरगुरेल आणि घेऊन टाकेल.”

हे ऐकून आवाजवाल्यांचा चेहरा उतरला, कारण ते खरे होते.

तेव्हा मी त्यांना माझ्या थोरल्या जाऊबाईंची गोष्ट सांगितली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला चूल पेटवता येत नसे. जाऊबाई रोज पेटवून देत आणि मी पुढचे करीत असे. एका सकाळी घरात पाहुणे असताना त्यांनी पेटलेल्या चुलीत तांब्याभर पाणी ओतले, सरपण माझ्या पुढ्यात टाकले आणि म्हणाल्या, “पेटव.” मी त्या दिवशी त्यांना फार शिव्याशाप दिले, अर्थात मनातल्या मनात. त्यानंतर काही महिन्यांनी त्या वारल्या. त्यांना आपले दुखणे माहीत होते, हे आम्हांला मागाहून कळले. घरातली चूल मात्र थांबली नाही.

आवाजवाल्यांनी फरशीवरचे कागद पुन्हा पुढ्यात ओढले.

“म्हणजे हा शिकवतोय,” ते म्हणाले. “तेल यासाठीच ठेवतो. हिनं पेटवावं म्हणून. टाकून बोलतो ते तिला घट्ट करायला आणि मधूनच त्याला राहवत नाही, तेव्हा खरं बोलतो. एक ओळ खोटी, एक खरी. बसतंय की मावशी! सगळं बसतंय!”

ते कपाटात शिरले. त्या दिवशी प्रथमच आतून काजळ्या बोलला. प्रत्येक कठोर ओळीच्या शेवटी आवाज किंचित मऊ होत होता. त्यांच्या पत्नींनीही इस्त्री उचलून धरली आणि ऐकत राहिल्या. मला आनंद झाला, आणि त्याचबरोबर भीतीही वाटली. कारण आता त्यांचे सारे काम माझ्या जाऊबाईंच्या खांद्यावर उभे होते.

चाचणीच्या दिवशी त्यांनी मला बरोबर नेले. “तिथं समोर नुसती काच असते, तिच्याकडे बघून बोलता येत नाही मला,” ते म्हणाले. “तुम्ही पलीकडे बसा. तुमच्याकडे बघून बोलीन.”

ध्वनिमुद्रणाची जागा एका इमारतीच्या तळघरात होती. दार जाड होते आणि त्याच्या कडांना रबर लावलेले होते. आतल्या छोट्या खोलीत एक माइक, त्याच्यापुढे काळी जाळी आणि कागद ठेवण्याची घोडी होती. कागद हातात धरायचे नसतात, कारण त्यांची सळसळ ऐकू येते. कोमट पाण्याचा पेलासुद्धा फडक्यावर ठेवलेला होता. काचेच्या अलीकडे यंत्रावर एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या शेजारी दिग्दर्शिका बाई होत्या. त्या माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान असाव्यात. त्यांनी मला बांगड्या काढायला सांगितल्या आणि एका कोपऱ्यात बसवले. बाहेरच्या बाकावर जाहिरातवाले येऊन बसलेले मी पाहिले होते. ते वेळेच्या बरेच आधी आले होते आणि पायावर पाय टाकून सफरचंद खात होते.

कंपनीच्या माणसाचा आवाज यंत्राच्या पेटीतून आला. तो परक्या भाषेत दोन शब्द बोलला.

“सुरू करा म्हणतायत,” दिग्दर्शिका म्हणाल्या. “काका, ‘क्षमा नको’वाली ओळ घ्या आधी. तीच त्यांना ऐकायची आहे.”

आवाजवाल्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, “मला क्षमा नको.”

माझ्या कानांना ते उत्तम वाटले. दिग्दर्शिका बाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

“काका, हा शाळामास्तर झाला. तिला गृहपाठ देतोय असं वाटतं. परत.”

त्यांनी पुन्हा म्हटले. शेवटचा मऊपणा अजून होताच.

“शेवटी आवाज का उतरतोय?” दिग्दर्शिकांनी विचारले. “या फाट्यावर त्याला खरंच क्षमा नकोय. विषय संपला.”

“कुठल्या फाट्यावर?” काचेपलीकडून त्यांनी विचारले.

तेव्हा आमची चूक उघडी पडली. दिग्दर्शिका बाईंनी घाईघाईने सांगितले ते असे. खेळणारा माणूस पहिल्या मनोऱ्यावर जे करतो, त्याप्रमाणे पुढच्या कथेला फाटे फुटतात. त्याने तलवार उपसली तर एक वाट, तो पळाला तर दुसरी, नुसता उभा राहिला तर तिसरी. एका वाटेवर काजळ्या निर्दय असतो, दुसऱ्या वाटेवर पश्चात्ताप करतो, तिसऱ्या वाटेवर ओळख दाखवतो. कागदावरचे आकडे फक्त यंत्रात नोंद करण्यासाठी असतात. लागोपाठच्या ओळी लागोपाठ घडत नाहीत. ज्या ओळी आम्ही एका माणसाच्या तोंडी क्रमाने बसवल्या होत्या, त्या एकाच खेळात कधीही एकत्र ऐकू येणार नव्हत्या.

“तुम्हांला कुणी सांगितलं नाही?” त्यांनी विचारले.

“पहारेकऱ्याला फाटे नसतात, मॅडम,” आवाजवाले म्हणाले.

यंत्रावरचे गृहस्थ हसले. मी आवाजवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता. त्यांनी इतक्या कष्टाने उभा केलेला माणूस तिथल्या तिथे नाहीसा झाला होता. आणि तो मीच त्यांना दिला होता.

पेटीतून आवाज आला. दिग्दर्शिका बाईंनी तो ऐकून घेतला आणि दाराकडे पाहिले. “काका, ते म्हणतात की आणखी एकदा. मग दुसऱ्यांना आत घेऊ.”

आवाजवाल्यांनी पेला उचलला, पाण्याचा एक घोट घेतला आणि पेला फडक्यावर परत ठेवला. मग त्यांनी विचारले, “मॅडम, तो दिवा का विझवतो?”

“काका, आत्ता?”

“एकच सांगा. वाट कुठलीही असो, कारण एकच आहे ना? की कारणालापण फाटे आहेत?”

दिग्दर्शिका म्हणाल्या, “कारण एकच असणार. पण मला माहीत नाही. शेवट दुसऱ्या लोकांकडे आहे, तो इथं कुणालाच सांगितलेला नाही.”

“बरं,” ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. “मावशी, पाठ करून बसा. माझ्याकडे बघू नका.”

मी उठून भिंतीकडे तोंड केले. त्यामुळे पुढचे मी पाहिलेले नाही, केवळ ऐकलेले आहे. यंत्रावरचे गृहस्थ “रोलिंग” म्हणाले, म्हणजे यंत्र सुरू झाले. त्यानंतर काहीच झाले नाही. इतका वेळ काही झाले नाही की आवाजवाले ओळ विसरले, असे मला वाटले. मग माझ्या पाठीमागून, अगदी हळू, आवाज आला.

“मला क्षमा नको.”

त्यात राग नव्हता आणि मऊपणाही नव्हता. एखाद्याने दार आतून लावून घ्यावे आणि कडीवरचा हात काढू नये, तसे ते वाटले. मला मागे वळायचे होते. पण तसे सांगितलेले नव्हते म्हणून मी वळले नाही.

मग कंपनीचा माणूस एक लांब वाक्य बोलला.

“विचारतायत,” दिग्दर्शिका म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज बदलला होता, “की तुम्ही हे असं का म्हणालात? तुमच्या मते त्याचं कारण काय आहे?”

मला जाऊबाई आठवल्या. मला धुके आठवले, शपथ आठवली, तेलाचा धंदासुद्धा आठवला. त्यांनी यांपैकी काहीही सांगितले असते आणि ते त्या माणसाला खोटे वाटले असते, तर सारे तिथेच संपले असते.

“मला माहीत नाही,” आवाजवाले म्हणाले. “पण त्याला माहीत आहे, आणि सांगायची सोय नाही. एवढं धरून बोललो.”

दिग्दर्शिका बाईंनी ते परक्या भाषेत सांगितले. पेटीत खाकरल्याचा आवाज झाला. मग त्या माणसाने अगदी थोडे शब्द उच्चारले.

“पुढची ओळ, म्हणतायत,” दिग्दर्शिका म्हणाल्या.

मी वळून पाहिले. आवाजवाले घोडीवरचा कागद बदलत होते. ते दुसरी ओळ बोलले, मग तिसरी. कोणत्या वाटेवरची ओळ आहे, ते दिग्दर्शिका आता आधी सांगत होत्या. निर्दय ओळ ते निर्दयपणे म्हणत होते आणि पश्चात्तापाची ओळ पश्चात्तापाने. पण कुठेतरी खाली तो कडीवरचा हात तसाच होता. कुणीही जाहिरातवाल्यांना आत बोलावले नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ते उभे राहिले, त्यांनी सफरचंदाचा गाभा रुमालात गुंडाळला आणि आपल्या पिंपातल्या आवाजात म्हणाले, “आज मेला नाहीत वाटतं?”

“आज सुट्टी,” आमचे शेजारी म्हणाले.

भूमिका त्यांना मिळाली. त्यानंतर बरेच दिवस ते तळघरात जात होते. घसा बसला की घरी खुणांनी बोलत, आणि त्यांच्या पत्नी म्हणत, “एवढं शांत घर मी कधी पाहिलं नव्हतं. काजळ्याचं भलं होवो.” काम संपताना त्यांनी दिग्दर्शिका बाईंमार्फत कंपनीला तोच प्रश्न पुन्हा विचारला. तुम्हांला ते माहीत असण्याची आवश्यकता नाही, असे सभ्य उत्तर आले. शेवटचा प्रसंग त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता, कारण शेवटी काजळ्या बोलत नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

पुढे तो खेळ बाजारात आला. आमच्या दोन्ही घरांत तो चालेल असे यंत्र नव्हते. म्हणून ते एका दुकानात गेले, जिथे लोक तासाच्या भाड्याने संगणकावर खेळतात. दुकानदाराने त्यांना खुर्चीत बसवले आणि बटणे दाखवली. पहिल्या मनोऱ्यावर काजळ्या समोर आला. त्यांच्या स्वतःच्या आवाजात “तू माझी कोणी नाहीस” असे म्हणाला आणि त्याने एका फटक्यात त्यांना ठार केले. ते पुन्हा खेळले. पुन्हा मेले. पळून पाहिले, नुसते उभे राहून पाहिले. प्रत्येक वाटेवर काजळ्या निराळे बोलला आणि प्रत्येक वेळी ते पहिल्या मनोऱ्याच्या पायऱ्यांवरच मेले. दुकानदार म्हणाला की काका, हा खेळ तुमच्या हाताचा नाही. आपण कोण आहोत, हे त्यांनी त्याला सांगितले नाही.

घरी आल्यावर त्यांनी हे सारे अभिनयासह सांगितले आणि त्यांच्या पत्नी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातून मेलात,” त्या म्हणाल्या, “आता स्वतःच्या हातून!” तेही हसले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी वर्गाला निघाले असता ते जिन्यात भेटले. माझ्या हातातली पिशवी त्यांनी खालपर्यंत आणून दिली. मग मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, “मावशी, तुमच्या वर्गातल्या कुणाच्या घरी पोरं हा खेळ शेवटपर्यंत खेळली असतील, तर तेवढं विचारून या. तो दिवे का विझवत होता?”